मॅन्कोझेब: अमेरिकेचे शुल्क, ब्राझीलचे सोयाबीन आणि आपली ऑक्टोबर छाटणी

गेल्या आठवड्यात निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांचा फोन आला. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश फिरत होता: "अमेरिकेने ५० टक्के शुल्क लावले, एम-४५ दुप्पट होणार, आत्ताच भरून ठेवा." त्यांचा प्रश्न सरळ होता. ५० किलो घेऊन ठेवू का?

मी विचारले, बाग किती? चार एकर. लेबलवरील शिफारस हेक्टरी १.५ ते २ किलो आहे. म्हणजे वरची मात्रा धरली तरी चार एकरांच्या एका फवारणीला सव्वातीन किलोच्या आसपास पावडर लागते. ५० किलोत पंधरा फवारण्या होतील. एका हंगामात नुसत्या मॅन्कोझेबच्या पंधरा फवारण्या कोणी करत नाही आणि करूही नयेत. त्यांनी माल घेतला नाही. पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, कारण जगात या एका बुरशीनाशकाभोवती बरेच काही घडते आहे. फक्त जे संदेशात लिहिले होते, ते त्यात नाही.

शुल्क कोण भरतो, हे आधी पाहू

आयात शुल्क माल घेणारा देश आपल्या आयातदाराकडून वसूल करतो. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के शुल्क लावले होते. असे शुल्क अमेरिकेच्या बंदरात, अमेरिकी आयातदार भरतो. त्याला भारतीय माल महाग पडला तर तो कमी घेईल किंवा भाव पाडून मागेल. जो माल तिकडे गेला नाही, तो दुसऱ्या देशात किंवा इथल्या बाजारात येईल. म्हणजे नुसत्या या शुल्काचा परिणाम पाहिला तर आपल्याकडे भाव चढण्याऐवजी नरम पडायला हवेत.

शिवाय "५० टक्के" हा एक आकडा सगळ्या मालाला लागू नव्हता. या शुल्कातून वगळलेल्या वस्तूंची एक लांबलचक यादी आदेशासोबत होती आणि त्यात अनेक रसायने होती. कोणता माल आत आणि कोणता बाहेर, हे त्याच्या सांकेतिक क्रमांकावर ठरते. जगभर बुरशीनाशकांसाठी पहिले सहा अंक सारखे असतात, ३८०८९२. त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपले लावतो आणि एकाच वर्गातल्या दोन औषधांना वेगळा दर लागू शकतो. त्यामुळे "कीडनाशकांवर अमुक टक्के" अशी बातमी दिसली की ती नेमक्या कोणत्या क्रमांकाबद्दल आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बातमी लिहिणाऱ्यानेही बहुतेक वेळा ते पाहिलेले नसते.

अमेरिकेचे दुसरे हत्यार जास्त चिवट असते. ते म्हणजे तिथल्या कंपनीच्या तक्रारीवरून लागणारे अँटी डम्पिंग आणि अनुदानविरोधी शुल्क. २,४-डी या तणनाशकाच्या बाबतीत चीन आणि भारत या दोघांवर २०२५ मध्ये तशी शुल्के लागली. सरसकट शुल्क एखाद्या कराराने एका रात्रीत उठू शकते. असे शुल्क एकदा बसले की वर्षानुवर्षे राहते.

मॅन्कोझेबच्या बाबतीत आपण विक्रेते आहोत

मॅन्कोझेब हे काही नवे औषध नाही. अमेरिकेतील रोहम अँड हास कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आणले. पेटंट केव्हाच संपले. आज यूपीएल, इंडोफिल, कोरोमंडल या भारतीय कंपन्या जगातल्या मोठ्या उत्पादकांमध्ये मोजल्या जातात. चीनमध्येही मोठे कारखाने आहेत. गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून हा माल बोटीने जगभर जातो. अ‍ॅझोक्सिस्ट्रॉबिनसारख्या अनेक औषधांच्या मूळ रसायनासाठी किंवा त्याआधीच्या टप्प्यासाठी आपण चीनकडे पाहतो. मॅन्कोझेबचे तसे नाही.

म्हणून आपण आयातीवर लावलेले शुल्कही या औषधाच्या भावात फारसे दिसत नाही. तयार कीडनाशकांवर आपला मूळ आयात दर १० टक्के आहे आणि ते शुल्क वाढवा, अशी देशी उत्पादकांची जुनी मागणी आहे. ते वाढले तर फटका बसेल तो बाहेरून येणाऱ्या नव्या औषधांना.

मग कारखान्यातला खर्च कशाने हलतो? इथिलीन डायअमाईन, कार्बन डायसल्फाईड आणि कॉस्टिक सोडा यांची अभिक्रिया करायची, त्यात मँगनीज आणि झिंकचे क्षार आणायचे, की मॅन्कोझेब तयार होते. पावडरीचा पिवळसर रंग आणि तो विशिष्ट वास यातूनच येतो. यातले कार्बन डायसल्फाईड गंधकापासून बनते आणि २०२५ मध्ये जागतिक बाजारात गंधक चांगलेच महागले. गंधकाची भुकटी आणि खते घेणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. इथिलीन डायअमाईनसाठी भारत बराच काळ मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून होता. अलीकडच्या काळात सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत त्याचे उत्पादन सुरू झाले आहे, तरी आयात थांबलेली नाही. आयात म्हणजे डॉलर, आणि रुपया घसरला की कच्चा माल महाग. तुमच्या दुकानातल्या पुडीच्या भावावर वॉशिंग्टनच्या शुल्कापेक्षा या तीन गोष्टींचा, म्हणजे गंधक, इथिलीन डायअमाईन आणि रुपयाचा, हात जास्त असतो.

आणि ब्राझीलचा

इथे गोष्ट खरी रंगते. ब्राझीलमध्ये सोयाबीनचे क्षेत्र सुमारे पावणेपाच कोटी हेक्टर आहे. तिथे २००१ पासून सोयाबीनवरचा तांबेरा हा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे. आपल्याकडे सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या सोयाबीन उत्पादकांना हा रोग चांगला माहीत आहे. ब्राझीलमध्ये तर त्यासाठी वर्षातून किमान ९० दिवस शेतात सोयाबीनचे एकही झाड उभे राहू द्यायचे नाही, असा कायदा आहे. सुरुवातीला तिथे ट्रायझोल आणि स्ट्रॉबिल्युरिन गटातील आंतरप्रवाही औषधांनी काम भागत असे. हळूहळू बुरशीने त्यांना दाद देणे कमी केले. मग शास्त्रज्ञांनी जुन्या, अनेक ठिकाणी एकदम मारा करणाऱ्या स्पर्शजन्य औषधांची जोड द्यायला सांगितले. त्यात मॅन्कोझेब पुढे आले. साठ वर्षांचे म्हातारे औषध नव्या पोरांच्या मदतीला धावले म्हणायचे!

आता शुल्काचा धागा जोडून पाहा. अमेरिका आणि चीन यांच्यात शुल्काचे भांडण पेटले आणि चीनने अमेरिकेच्या सोयाबीनकडे पाठ फिरवून ब्राझीलकडून खरेदी वाढवली. सोयाबीनला गिऱ्हाईक मिळाले की ब्राझीलचा शेतकरी पेरा कमी करत नाही आणि फवारणीही टाळत नाही. तिथे पेरणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून, आणि तांबेऱ्याच्या फवारण्या त्यानंतरचे दोन-तीन महिने. म्हणजे माल भारतातून त्याआधीच निघायला हवा. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे खरिपाची मागणी संपत नाही तोच नाशिक, सांगली, सोलापूरची ऑक्टोबर छाटणी सुरू होते. बटाटा, टोमॅटो रांगेत असतातच.

म्हणून माझा अंदाज असा: यंदा शुल्काचा मॅन्कोझेबवर परिणाम होईल, पण तो अमेरिकेने भारतावर लावलेल्या शुल्काचा नसेल. तो अमेरिका-चीन भांडणाचा, ब्राझीलमार्गे आलेला असेल. आणि तो दुप्पट भावाच्या रूपात नाही, तर ठरावीक ब्रँड पंधरा दिवस न मिळणे, सवलत बंद होणे, किलोमागे थोडे जास्त जाणे अशा रूपात दिसेल. हा अंदाज आहे, भाकीत नव्हे.

भाव वाढलाच तर किती बोचेल, तेही मोजून पाहा. किलोमागे ५० रुपये वाढले असे धरू. एकरी एका फवारणीला ६०० ते ८०० ग्रॅम लागते. म्हणजे एकरी फवारणीमागे ३० ते ४० रुपये. द्राक्षाच्या एकरी खर्चात हा आकडा शोधूनही सापडणार नाही. कांदा किंवा बटाट्याला तो थोडा जाणवेल. याउलट कीडनाशकांवरचा १८ टक्के जीएसटी प्रत्येक पुडीवर आहे. शेतमाल विकताना आपल्याला त्याची वजावट मिळत नाही, तो पूर्ण आपल्या अंगावर पडतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या बदलांत ट्रायकोडर्मा, सुडोमोनास यांसारख्या ठरावीक जैविक कीडनाशकांचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, रासायनिक औषधांचा १८ वरच राहिला. शुल्कावर चर्चा करणाऱ्या गटांत यावर मात्र कोणी बोलताना दिसत नाही.

युरोपची भिंत शुल्काची नाही

निर्यातीची द्राक्षे करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०२० च्या नियमाने मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला. सदस्य देशांनी ४ जुलै २०२१ पर्यंत परवाने मागे घेतले आणि उरलेला साठा वापरायला जास्तीत जास्त ४ जानेवारी २०२२ पर्यंतची मुदत होती. कारणे दोन प्रकारची होती: प्रजननावर घातक परिणाम करणारा पदार्थ म्हणून झालेले वर्गीकरण आणि शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ. मॅन्कोझेब विघटित होताना इथिलीन थायोयुरिया तयार होते आणि त्याचा थायरॉईडशी असलेला संबंध जुना आणि अभ्यासलेला आहे. याच कुळातील प्रोपिनेबला युरोपने त्याआधीच नकार दिला होता आणि मेटिरामला नंतर दिला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही जुलै २०२४ मध्ये द्राक्षावरील मॅन्कोझेबचा वापर बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. फवारणीनंतर बागेत काम करणाऱ्या मजुरांना असलेला धोका हे त्यामागचे कारण.

युरोपात वापर बंद झाला म्हणजे आपल्या द्राक्षाला लगेच दार बंद झाले, असे नाही. आयात मालासाठी उर्वरित अंशाची कमाल मर्यादा वेगळी ठरते. द्राक्षासाठी ती अनेक वर्षे किलोला ५ मिलिग्रॅम होती. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये या सबंध कुळाचा फेरआढावा घेतला आणि मर्यादा खाली आणण्याची प्रक्रिया सुरू झाली. म्हणून गेल्या हंगामातला आकडा यंदा डोक्यात धरून चालू नका. हंगामाच्या सुरुवातीला अपेडाची ताजी परिशिष्टे पाहा: परिशिष्ट ५ मध्ये शिफारशीची औषधे आणि त्यांचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी असतो, परिशिष्ट ९ मध्ये तपासले जाणारे अंश. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सूचनाही त्यांना धरूनच असतात.

एक गोष्ट बागेत वारंवार चुकते. प्रयोगशाळा नेहमीच्या चाचणीत मॅन्कोझेब वेगळे, मेटिराम वेगळे असे मोजत नाही. या सगळ्या डायथायोकार्बामेट औषधांतून निघणारे कार्बन डायसल्फाईड ती एकत्र मोजते. त्यामुळे "मॅन्कोझेबचा कालावधी संपला, आता प्रोपिनेब मारू" असे केले तरी अहवालात बेरीज एकच येते. आणि मॅन्कोझेब जोड औषधांतही असते. मेटॅलॅक्झिल-एम ४ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के, सायमोक्झॅनिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के, कार्बेन्डाझिम १२ टक्के अधिक मॅन्कोझेब ६३ टक्के. नाव बदलते, पुडीचा रंग बदलतो, आत निम्म्याहून जास्त मॅन्कोझेबच असते. फवारणीच्या वहीत ब्रँडचे नाव न लिहिता घटक लिहा, मग हे लगेच लक्षात येईल.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, ते वर्ष नाशिकचे जुने निर्यातदार विसरलेले नाहीत. ते बुरशीनाशक नव्हते, वाढनियंत्रक होते, आणि युरोप ते तपासेल याची कल्पना तेव्हा फार थोड्यांना होती. मुद्दा तोच आहे. कंटेनर अडतो तो अशा अंशावर.

युरोपची दिशाही स्पष्ट दिसते. थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या कीटकनाशकांची मर्यादा तिथे ७ मार्च २०२६ पासून मोजता येईल इतक्या किमान पातळीवर आणण्याचा नियम आहे आणि त्यामागे ग्राहकाच्या आरोग्याइतकेच, किंबहुना जास्त, जगभरातील मधमाश्यांचे कारण दिले आहे. ७ मार्च म्हणजे आपल्या निर्यातीचा ऐन मोसम. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने मांडलेल्या शेती धोरणातही म्हटले आहे की, जी घातक औषधे युरोपात बंद झाली, ती आयात मालातून परत आत येता कामा नयेत. तिथल्या शेतकऱ्यांचा त्यासाठी दबाव आहे आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. आम्हाला बंदी आणि बाहेरच्याला मुभा, हे कोणाला आवडेल?

भारत आणि युरोप यांच्यात २०२५ मध्ये मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू होती. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेची द्राक्षे युरोपात शुल्काशिवाय जातात, आपल्यावर ते आठ टक्क्यांच्या आसपास पडते. अशा करारामुळे ही तफावत मिटू शकते आणि तो फायदा खरा आहे. पण उर्वरित अंशाची मर्यादा अशा कराराने सैल होत नाही.

मग औषध सोडून द्यायचे का?

माझे मत: नाही. पण त्याची जागा ठरवायला हवी.

सप्टेंबर २०२५ च्या पावसाने मराठवाडा आणि सोलापूर भागात जे केले, ते आपण पाहिले. छाटणीनंतरही ओल राहिली तर पोंगा ते फुलोरा या काळात केवड्याचा दाब राहील. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत केवड्याच्या बुरशीने अ‍ॅझोक्सिस्ट्रॉबिनच्या गटाला प्रतिकारशक्ती मिळवल्याचे दिसून आले आहे. अशा वेळी अनेक ठिकाणी एकदम मारा करणारे स्पर्शजन्य औषध हाताशी नसेल तर महागडी आंतरप्रवाही औषधे एकामागून एक निकामी होतील. ब्राझीलने जो धडा सोयाबीनवर घेतला, तोच आपल्या बागेत लागू पडतो. म्हणून निर्यातीच्या बागेत मॅन्कोझेब सुरुवातीच्या अवस्थेत, परिशिष्टातील कालावधी मोजून, आणि मणी धरल्यावर त्या कुळाला पूर्ण सुट्टी. तिथून पुढे शिफारशीतील इतर गट आणि जैविक पर्याय. स्थानिक बाजाराच्या बागेलाही प्रतीक्षा कालावधी लागूच आहे. तिथे प्रयोगशाळा नाही, खाणारे आपलेच लोक आहेत.

देशातही या औषधावर नजर आहे, हे ध्यानात ठेवा. मे २०२० मध्ये केंद्राने बंदीसाठी सुचवलेल्या २७ कीडनाशकांत मॅन्कोझेब होते. २०२३ च्या अंतिम आदेशात ते वाचले, पण पेरू, ज्वारी आणि टॅपिओका या पिकांवरील वापर बंद झाला. आजही पेरूच्या बागेत ते सर्रास मारले जाताना मी पाहतो. दुकानदार देतो म्हणजे चालते, असे नाही.

राहिला साठ्याचा प्रश्न. छाटणीपासून फुलोऱ्यापर्यंत लागेल तेवढे, म्हणजे तीन-चार फवारण्यांचे, आता घ्यायला हरकत नाही. पक्के बिल घ्या, बॅच क्रमांक आणि अंतिम तारीख पाहा. मागणी वाढते तेव्हा बनावट मालही वाढतो आणि दुप्पट भावाची अफवा अशा विक्रेत्यांच्याच सोयीची असते. मॅन्कोझेबला ओल अजिबात चालत नाही. दमट खोलीत, जमिनीवर ठेवलेल्या फुटक्या पुडीत ते विघटित होते, गठ्ठे होतात, कुजका वास येतो, क्वचित पुडी आतून गरमही होते. तसे दिसले तर ती फवारू नका. निफाडच्या त्या बागायतदारांनी शेवटी दहा किलो घेतले. ते त्यांनी फळीवर, पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत.